ज्योतिबाची खळ आणि मारुतीरावांची टिटवी

बेळगावलगतच्या वडगावच्या विणकर गल्लीत मोटार शिरली की आधी कुत्री धावायची, मग पोरं, आणि मग एकेक माग थांबायचा. निपाणीच्या मारुतीरावांची मोटार आली त्या दिवशीही सगळे माग थांबले, एक सोडून. ज्या दारात मोटार उभी राहिली त्याच घरातला माग चालू होता. आत मालुबाई लुगड्याचा पदर संपवत बसली होती, आणि पदर अर्धा टाकून ती देवासाठीसुद्धा उठली नसती.

"पाणी द्या त्यास्नी," आतून आवाज आला, "आन् म्हणावं, बोटभर राहिलाय."

एवढा मोठा तंबाखूचा व्यापारी, पण बोटभर पदर होईपर्यंत ओट्यावर मुकाट बसून राहिला. ही एकोणीसशे पस्तिसाच्या आसपासची गोष्ट. वडगावात ती पुढं कित्येक वर्षं सांगितली जायची, आणि सांगणारा प्रत्येक जण सुरुवात त्या बोटभर पदरापासूनच करायचा.

मारुतीरावांना पाणी दिलं ते ज्योतिबानं, मालुबाईच्या नवऱ्यानं. एके काळी मागावर तो बसायचा. कापसाची धूळ छातीत बसली, दम लागायला लागला, चार धोटे फेकले की माणूस वाकून दुहेरी व्हायचा. मग मालुबाई मागाच्या खड्ड्यात उतरली. बाईमाणसानं कांड्या भराव्यात, मागावर बसू नये, असं गल्ली सहा महिने कुजबुजली. मग तिचं कापड बघून गप्प झाली.

ज्योतिबाच्या हातात एकच काम उरलं होतं, खळ. पण काय खळ! ज्वारीचं पीठ कसं भिजवायचं, किती आंबू द्यायचं, कुठल्या क्षणी चुलीवरून उतरवायचं, तेलाचा थेंब कधी सोडायचा, सगळं त्याच्या नाकात होतं. सकाळी गल्लीभर सूत ताणलं जायचं आणि हा कुंचा घेऊन त्या सुतावरून खळ फिरवत, दम खात, थांबत चालायचा. ह्याला पाजण म्हणतात. पाजलेलं सूत मागावर तुटत नाही आणि विणलेल्या कापडाला अंग येतं. ज्योतिबाच्या खळीचं लुगडं घडी मोडताना पापडासारखं वाजायचं. शहापूरचे दुकानदार गिऱ्हाइकापुढं ते मुद्दाम वाजवून दाखवायचे. आणि असं कोरं लुगडं विणकराच्या घरात कधी पाणी बघत नसे. ते धुवायचं नेसणारणीनं. विणकरानंच कोऱ्या कापडाला पाणी लावलं म्हणजे काहीतरी फसलं आणि तो ते लपवतोय, असा सरळ अर्थ.

पदर झाला. मालुबाई हात पुसत बाहेर आली. मारुतीरावांबरोबर एक उंच, मिशीत लाकडाचा भुसा असलेला माणूस होता, सदलग्याचा तम्मण्णा मिस्त्री. त्यानं एक पिवळट चिंधी तिच्या हातात दिली. तिनं ती चुरगळली, उजेडाला धरली, एक धागा ओढून बघितला.

"दाट हाय. कुणाचं लुगडं हे?"

"विमानाचं," तम्मण्णा म्हणाला.

ज्योतिबा हसता हसता खोकायला लागला. खोकला थांबल्यावर त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं, "नऊवारी का पाचवारी?"

मारुतीरावही हसले. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना गल्लीतलं कुणी जागचं हललं नाही.

त्यांचा धाकटा भाऊ रवळू चौदा सालच्या मोठ्या लढाईत मेसोपोटेमियाला गेला होता. तिथं कूत नावाच्या गावात आपली फौज वेढ्यात सापडली. घोडी खाऊन झाली, गवत उकळून झालं. एक दिवस वर घरघर झाली आणि विमानातून पिठाचं पोतं पडलं. रवळू परत आला तो निम्मा होऊन, पण त्या पोत्याची गोष्ट त्यानं मरेपर्यंत सांगितली. पुढं लढाईतली जुनी विमानं सरकारनं भंगारात काढली, तेव्हा मारुतीरावांनी ती खोक्यांतून आणवली. बेळगावपर्यंत रेल्वेनं, तिथून निपाणीपर्यंत बैलगाड्यांनी. बंदुका आधीच काढलेल्या होत्या. आभाळात न्यायची परवानगी नव्हती, जमिनीवर इंजिन चालवायची होती. तेवढी त्यांना पुष्कळ झाली.

"ज्या यंत्रानं माझ्या भावाला पीठ दिलं," ते म्हणाले, "ते सडताना मला बघवत न्हाय."

निपाणीतले लोक मारुतीरावांच्या वखारीला विमानांचं पांजरपोळ म्हणायचे. तोंडावरसुद्धा म्हणायचे. मारुतीराव त्याचा राग धरायचे नाहीत. म्हातारी गाय सांभाळतो त्याला कुणी हसतं का, एवढंच विचारायचे. वखारीत तीन विमानं होती आणि हमालांनी त्यांना नावं दिली होती. रुंद पंखांची ती घार, गोल पोटाची ती कापशी, आणि लांब काटकुळ्या पायांवर उभी असलेली सर्वांत लहान, ती टिटवी. रवळूनं पीठ टाकताना बघितलेलं विमान त्याच जातीचं. लढाईत तम्मण्णाही तिकडंच, बसऱ्याला, विमानांच्या पंखांचं लाकूडकाम करत असे. घार आणि कापशी त्यानंच पुन्हा उभी केली, खोक्यांतून आलेलं विलायती कापड त्यांच्यावर चढवून. टिटवीच्या वाट्याचं कापड मात्र खोक्यातच कुजलेलं निघालं. लाकडाचा नुसता सापळा उभा होता.

दर खंडेनवमीला मारुतीराव विमानं वखारीपुढच्या मैदानात काढायचे. निपाणीत त्या दिवशी शेतकरी नांगराची पूजा करतो, सुतार करवतीची, आणि मारुतीराव विमानांची. चिकोडी-सदलग्यापासून माणसं बघायला यायची. ह्या वर्षी टिटवीलाही त्या रांगेत उभी करायची होती, कापडानिशी.

"विलायतेतनं मागवता आलं असतं," मारुतीराव म्हणाले. "पण रवळू म्हणायचा, हिचं पीठ आपण खाल्लं, हिला कापड आपलं घाला. तेवढं तुमच्याकडनं झालं तर बरं."

मालुबाईनं चिंधी परत दिली नाही, कमरेला खोचली. तिनं फक्त एकच विचारलं, काठ कुठला घालायचा. विमानाला काठ नसतो, तम्मण्णा म्हणाला. मग कापड संपलं कुठं ते कळतं कसं, असं पुटपुटत ती आत गेली. काम घेतलं, असं तिनं तोंडानं म्हटलंच नाही.

पुढचे दोन महिने मालुबाईच्या घरात पांढऱ्याशिवाय रंग दिसला नाही. सूत बारीक, वीण इतकी दाट की हात दुखून यायचा. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, मालुबाई, विमानाला ओटीबी भरणार का. ती म्हणायची, भरणार, तुम्ही नारळ घेऊन या. पण ह्या कामाचं खरं वारं भरलं होतं ते ज्योतिबाच्या अंगात. गेल्या किती वर्षांत कुणी त्याच्याकडं काम मागायला आलं नव्हतं. आता निपाणीची मोटार आली होती. पाजणीची खळ त्यानं नेहमीपेक्षा जास्त जपून केली. आणि कापड विणून झाल्यावर त्यानं पुन्हा चूल पेटवली.

"आता कशाला?" मालुबाईनं विचारलं. "पाजलंय की सूत."

"ते लुगड्याला बास झालं असतं. हे वाऱ्यात जाणार. दुसरा हात पायजे."

त्यानं सगळ्या कापडाला वरून दुसरी खळ दिली. वाळल्यावर कापड पत्र्यासारखं उभं राहिलं. गल्ली बघायला आली. शेजारचा भरमू, जो कुणाचं कौतुक करायचा नाही, तोही टिचकी मारून म्हणाला की ह्याचं लुगडं केलं तर आत बाई नसली तरी चालेल.

मालुबाई कापडाचे तागे घेऊन सर्व्हिस मोटारीनं निपाणीला गेली. शिवणकाम ती करणार होती. वखारीत तंबाखूचा वास, वर कौलं, आणि मधोमध तो लाकडी सापळा. तिनं आयुष्यात पहिल्यांदा विमान बघितलं, आणि तम्मण्णा नंतर सांगायचा, हिनं आधी त्याच्याभोवती एक फेरी मारली, गिऱ्हाईक बाईचं माप डोळ्यांनी घ्यावं तशी.

खालचा एक पंख आधी करून बघायचं ठरलं. तिनं कापड ताणून पंखाच्या लाकडी फासळ्यांना टाके घातले. ज्योतिबाच्या खळीचं कापड ते, सुरकुती नाही, झोळ नाही. मारुतीरावांनी स्वतः येऊन हात फिरवला. रात्री पाऊस झाला, आणि सकाळी तम्मण्णानं डबा उघडून पंखाला हात दिला. विलायती रोगण होतं ते, पिकल्या केळ्यासारखा उग्र वास यायचा. तम्मण्णा सांगायचा, हे कापडात मुरतं, वाळताना कापड आवळतं, आणि मग पंख डफासारखा वाजतो. बसऱ्याला हे काम दुसरे लोक करायचे, त्यानं नुसतं लांबून बघितलं होतं. पण घारीला आणि कापशीला त्यानंच लावलं होतं आणि दोन्ही अजून वाजत होत्या.

दुसऱ्या सकाळी वखार उघडली तेव्हा पंखाखाली कांद्याच्या पापुद्र्यांसारखं काहीतरी पडलं होतं. रोगण मुरलंच नव्हतं. वरच्या वर वाळून सुटत होतं. हात लावला की पापुद्रा यायचा आणि खाली कापड जसंच्या तसं, कडक आणि कोरं. तम्मण्णानं खरडून पुन्हा हात दिला. दुसऱ्या दिवशी तेच. मधेच पावसाची आणखी एक सर येऊन गेली आणि दमट हवेनं कापड पंखावर सैलही पडलं, ओल्या पापडासारखं.

मारुतीरावांनी सैल कापडावर हात फिरवून बघितला. मग म्हणाले, "असू दे, मालुबाई. ह्या वर्षी दोघींचीच पूजा करू. कापड मी तिकडनं मागवतो."

"आन् हे?"

"हे ठेवा तुम्ही. चांगलंच हाय. आमच्या कामाचं न्हाय, एवढंच."

चांगलंच आहे पण कामाचं नाही, हे तिला शिवीपेक्षा जास्त लागलं. ती पंखाजवळ बसून टाके उसवायला लागली. उसवता उसवता तिचा हात एका जागी अडला. पंखाच्या टोकाला तळहाताएवढा एक डाग होता. तिथलं रोगण सुटलेलं नव्हतं. नखानं खरडलं, निघेना. टिचकी मारली, तेवढीच जागा टणकन वाजली.

तिनं वर बघितलं. बरोबर वरचं एक कौल फुटलेलं होतं. कापड चढवलं त्या रात्री तिथून पाणी गळलं होतं, त्या एका जागेवर टपटप, रोगण लावायच्या आधी. तिनं खाली पडलेला एक पापुद्रा उचलला आणि त्याची आतली बाजू जिभेला लावली.

ज्वारी.

तम्मण्णा बघत होता. "काय लागलं?"

"आमच्या घरची चव लागली," ती म्हणाली आणि उठली.

तिला सगळं कळलं होतं. कापडाच्या धाग्याधाग्यात खळ भरलेली, रोगणाला आत शिरायला जागाच नाही. जिथं पाण्यानं खळ धुतली तिथं ते मुरलं. कापड धुतलं की झालं. पण धुवायचं म्हणजे काय, हे तम्मण्णाला सांगून कळलं नसतं. ज्योतिबाच्या हातात एकच काम उरलं होतं, आणि नेमकं तेच पुसून टाकायचं. तेही गल्लीदेखत, कारण एवढं कापड भिजवायला घरात जागा नव्हती. तिनं मारुतीरावांना एवढंच सांगितलं की विलायतेला कळवू नका, खंडेनवमीला अजून अवकाश आहे. आणि सगळे तागे बांधून तिनं बेळगावची मोटार धरली.

घरी पोचली तेव्हा दिवस कलला होता. ज्योतिबा ओट्यावरच होता. बायको परत आली आणि तागेही परत आले, हे त्यानं बघितलं.

"पंख वाजला न्हाय व्हय?" त्यानं विचारलं.

तिनं वाटेत पुष्कळ शब्द जुळवले होते. कापूस वेगळा पडला असं म्हणावं, रोगण जुनं होतं असं म्हणावं. त्यातला एकही बाहेर आला नाही.

"तुमची खळ काढाय लागती," ती म्हणाली. "सगळी."

तिनं कौलाचं सांगितलं, गळक्या पाण्याचं सांगितलं, तो पापुद्रा पदरात बांधून आणला होता तो दाखवला. त्यानंही तो जिभेला लावला. बराच वेळ जिभेवर ठेवला. मग त्याला हसू फुटलं, आणि हसण्यातून नेहमीचा खोकला.

"काय माणूस हाय मी," तो म्हणाला. "पीठ टाकणारं विमान, आन् आमचं पीठच त्याला सोसंना."

"मी धुती परसात थोडं थोडं. कुणाला दिसणार न्हाय."

"तू?" तो एकदम ताठ झाला. "तुला येतंय व्हय ते? नुसत्या पाण्यानं वरची जाईल. आतली कोण काढणार, तुझा तम्मण्णा?" आणि मग जरा वेळानं, तिच्याकडं न बघता, "दोन हात मी दिलेत. किती खोल गेलीया ते मला म्हाईत. मोठी हंडी काढ."

खळ कशी चढते हे ज्याला नाकानं कळत होतं, त्याला ती कशी उतरते हेही कळत होतं. त्यानं कापड कोमट पाण्यात भिजवून आंबायला ठेवलं. दर थोड्या वेळानं वाकून वास घ्यायचा. अजून न्हाय, अजून न्हाय, म्हणायचा. वास पालटला तसं त्यानं ते पिळून राखेच्या निवळीत उकळलं. परसात नाही, दारात. भर गल्लीत, जिथं तो पाजण करायचा तिथंच.

सगळे माग थांबले. भरमू कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"ज्योतिबा, कोऱ्याला पाणी लावतोस? फसलं व्हय रं?"

"फसलंय," ज्योतिबा म्हणाला. "बघ नीट. तुझ्या उभ्या जन्मात न्हाय बघायला मिळायचं."

"मग खळ तरी कशाला दिलती?"

ज्योतिबा दम खात उभा राहिला. घाई केली नाही. "खळीबिगर सूत मागावर टिकतंय का? तिनं मागावरनं उतरून दिलं कापड. तिथवर माझं काम. आता ते दुसऱ्याच्या घरी चाललंय, माझं पीठ बांधून कशाला धाडू?"

भरमू काही वेळ तिथंच घुटमळला. मग हातातली विडी टाकून त्यानं कापडाचं दुसरं टोक धरलं, कारण ओलं कापड पिळायला दोन माणसं लागतात आणि त्यातल्या एकाला दम लागायचा. सांजच्याला अर्धी गल्ली पिळायला लागलेली होती.

वाळलेलं कापड मऊ पडलं होतं, बाळंतिणीच्या जुन्या लुगड्यासारखं. त्यात दिमाख म्हणून काही उरला नव्हता. रोगणात खराब झालेला तुकडा बाद करून त्याच्या जागी मालुबाईनं मागावरचं शिल्लक कापड उतरवून दिलं. ज्योतिबानं तेही धुतलं. ह्या खेपेला दोघंही निपाणीला गेली. मारुतीरावांनी मोटार धाडली होती. ज्योतिबा पुढच्या बाकावर बसला, आणि हत्तरगीचा घाट चढताना ड्रायव्हरला सांगत राहिला की हळू घे, मला बघू दे.

तिनं कापड चढवलं. सैलसर, मऊ, केविलवाणं दिसत होतं. तम्मण्णानं रोगणाचा हात दिला आणि सगळे बाजूला बसून राहिले. ह्या वेळी कापडानं ते पिऊन घेतलं, खालून ओलं दिसेपर्यंत. दुपारचं ऊन वखारीत आलं तसा एक बारीक आवाज यायला लागला, ताणाचा, करकर. कापड आवळत होतं. ज्योतिबा उठून पंखाजवळ गेला. कुणालाही न विचारता त्यानं बोटांनी थाप मारली.

पंख हलगीसारखा वाजला.

त्यानं दुसरी मारली, तिसरी मारली, आणि मग ठेकाच धरला. तम्मण्णा त्याच्या कानडीत "हौदु, हौदु", म्हणजे हो, हो, म्हणत मान डोलवायला लागला. मालुबाईनं तोंडाला पदर लावला होता. ती हसत होती की रडत होती हे तम्मण्णाला कळलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

खंडेनवमीला मैदानात तिघी उभ्या राहिल्या. घार, कापशी, आणि मधे टिटवी, झेंडूच्या माळा घालून. पांजरपोळ म्हणणारे सगळे पुढच्या रांगेत होते. पण खरी परीक्षा अजून बाकी होती. इंजिन लावलं की समोरच्या पात्याचा वारा सुटतो, आणि शिवण कच्ची असेल, कापड सैल असेल, तर त्या वाऱ्यात ते फडफडून उसवतं. तम्मण्णानं पातं फिरवलं. इंजिन दोनदा खोकलं. ज्योतिबा म्हणाला, माझ्यागत हाय बिचारी. मग ते धरलं.

धूळ उठली, टोप्या उडाल्या, बायकांचे पदर उडाले, झेंडूच्या माळा तुटून मागं गेल्या. मैदानात जे जे कापड होतं ते फडफडत होतं. टिटवीच्या अंगावरचं तेवढं हललं नाही.

इंजिन थांबल्यावर मारुतीराव ताट घेऊन आले. घारीपुढं आणि कापशीपुढं नारळ त्यांनी फोडला होता. तिसरा त्यांनी मालुबाईपुढं केला. तिनं तो घेतला आणि नवऱ्याच्या हातात दिला. कुणीतरी मागून विचारलं, हे कोण, ह्यांनी काय केलं. ती वळली.

"खळ ह्यांनी घातलती," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आन् काढली पण ह्यांनीच. दोन्ही येणारा माणूस आमच्या गल्लीत एकच हाय."

ज्योतिबानं नारळ फोडला. एका घावात.

तो त्यानंतर आणखी काही वर्षं जगला, गल्लीतल्या सुतावर कुंचा फिरवत. पुढची लढाई आली, जवळच सांबऱ्याला लष्करी विमानतळ झाला, वडगावच्या डोक्यावरून रोज विमानं जायला लागली. मालुबाई मागावरून उठून बघायची आणि नाक मुरडायची. त्यांना कापडच नव्हतं, सगळा पत्रा. सत्तेचाळीसच्या ऑगस्टमध्ये मारुतीरावांनी तिन्ही विमानं बैल लावून निपाणीच्या रस्त्यानं मिरवली. मालुबाईला त्यांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. टिटवी समोर आली तशी ती गर्दीतून पुढं झाली, पंखाखाली उभी राहिली, आणि बोटांनी थाप मारली.

ती ऐकत थोडा वेळ तिथंच उभी राहिली. बैलवाला खोळंबला होता. "आक्का, सरा की," तो म्हणाला.

"थांब रं," ती म्हणाली, "बोटभर राहिलाय," आणि नवऱ्यानं धरला होता तो ठेका तिनं शेवटपर्यंत वाजवला.